न फिरणारा अणू

वडील हुबळीच्या रेल्वे कारखान्यात टर्नर होते. अणूबद्दल त्यांचे मत वेगळे होते, आणि सत्तरच्या दशकात ते आमच्या सगळ्या चाळीला ठाऊक होते. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात हे त्यांना पटत नसे. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा आक्षेप साधा होता: फिरणारी वस्तू झिजते, तिला तेल लागते. त्यांच्या अणूत काहीच फिरत नसे. निकामी बेअरिंगमधल्या गोळ्या त्यांनी करवंटीत मेण ओतून दाटीने बसवल्या होत्या. वीज म्हणजे शंटिंगसारखा धक्का, असे ते सांगत. डबे जागेवर, धक्का तेवढा पुढे जातो.

"काय मामा, अणूला आज तेल घातलं काय?" शेजारी विचारत.

"माझ्या अणूला लागत नाही. तुमच्या पुस्तकातल्याला घाला की!"

माझी धाकटी बहीण पी.यू.सी.ला, म्हणजे तिकडच्या बारावीला, होती. घरात विज्ञान घेणारी ती पहिलीच. रसायनशास्त्राचा पेपर देऊन ती हसत आली.

"अप्पा, तुमचाच अणू लिहिला. करवंटीसकट आकृती काढली बघा."

वडिलांनी त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी मिरची भजी आणली.

त्या विषयात ती नापास झाली. त्या एका उत्तराने झाली का, हे कळायला मार्ग नव्हता. वडिलांनी तसेच धरले. करवंटी माळ्यावर गेली. पुरवणी परीक्षेपर्यंत कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते तिच्यासमोर पुस्तक उघडून बसत. स्वतः आधी वाचत, मग समजावत. चांगले समजावत.

"पण अप्पा, फिरणारं झिजतं ना?"

"हे झिजत नाही."

"का?"

"झिजत नाही म्हटलं की. लिही."

ती पास झाली. पुढे अळणावर गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. वडिलांनी अणूचा विषय पुन्हा काढला नाही. शेजाऱ्यांनीही चेष्टा सोडली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांची फुप्फुसे गेली. शेवटच्या आठवड्यात बहिणीने माळ्यावरची करवंटी काढून, पुसून त्यांच्या हातात दिली.

"अप्पा, तुमचा अणू सांगा ना."

त्यांनी दम घेतला. "मध्ये केंद्रक. भोवती इलेक्ट्रॉन फिरतात."

"आणि तेल?"

"लागत नाही," ते म्हणाले, आणि उत्तर बरोबर आले का, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.