शेजारच्या घराची खूण

आम्ही राहतो त्या हेन्डरसन उपनगरात आमच्या डावीकडे एक जर्मन म्हातारा राहतो. दर शनिवारी मागच्या अंगणातल्या विटांच्या भट्टीत तो पाव भाजतो आणि भाजण्याआधी प्रत्येक पावावर सुरीने दोन आडव्या रेघा मारतो. त्याच्या खेड्यात सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी होती. आपला पाव ओळखता यावा म्हणून घरोघरची खूण वेगळी. आता ती भट्टी नुसती बघायला ठेवलीय म्हणे.

“पण इथे तर सगळे पाव तुमचेच असतात ना?” मी एकदा नको तितक्या शहाणपणाने विचारलं. एरवी ऊठसूट इथल्यासारखं ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘मस्तच’, म्हणणाऱ्या त्याने पुढच्या पावावर दोन रेघा मारल्या.

पुढच्या शनिवारी त्याने कुंपणावरून मला गरम पाव दिला. त्यावर रेघा नव्हत्या, एक गोल होता.

“ही गावी आमच्या उजवीकडे असलेल्या घराची खूण,” तो म्हणाला. “तिथे आता कोणी नाही. तुम्ही वापरा.”