अक्काचा हात थरथरतो म्हणे

कपड्यांचा कारखाना बंद पडला, त्या दिवशी बाकीच्या बाया डोळे पुसत घरी गेल्या. अक्का गेली ती थेट तिथल्या मेकॅनिककडे. बारा वर्षं त्याच्या हातांकडे बघून बघून तिनं निम्मी विद्या चोरलीच होती. उरलेली त्यानं दोन महिन्यांत शिकवली, वर आपले दोन जुने स्क्रू ड्रायव्हर दिले. तेवढ्या भांडवलावर अक्का शिलाई मशीन दुरुस्त करत दारोदार फिरू लागली.

नवे सुटे भाग परवडत नसत. मग ती भंगारवाल्याकडून मोडकी मशीनं वजनावर घ्यायची आणि त्यांच्या पोटातला चांगला माल काढून ठेवायची. "मढी उकरतेस होय गं?" शेजारीण हसायची. "उकरते, पण जित्यांना जगवते ना!" अक्का म्हणायची. दुरुस्त केलेलं मशीन ती आठवड्यानं पुन्हा फुकट बघून यायची. त्या एका फेरीत आणखी दोन घरं जोडली जायची. चौथ्या वर्षी तिनं जिन्याखालची खोली भाड्यानं घेतली, आणि शिवणवर्गाच्या चाळीस मशीनांचं काम तिच्याकडे आलं.

धाकट्या भावाची नोकरी गेली होती. बायकोपोरांसकट तो आई आणि अक्काजवळच राहायचा. अक्कानं त्याला काम शिकवलं. गडी जिभेचा गोड, गिऱ्हाइकं खूश. पण त्याला घाई फार.

"अक्का, कर्ज काढू, मोठ्या रस्त्यावर गाळा घेऊ."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"म्हणजे जन्मभर पाय आखडूनच झोपायचं?"

अक्का हसली. तिला तो विनोद वाटला.

मग एका सकाळी ती पायरीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. "तू निवांत पड, मी आहे ना," धाकटा म्हणाला. आई शेजारी बसून घास भरवायची. असं माहेर कुणाला मिळतं, असं अक्काला वाटायचं.

प्लास्टर निघालं तशी ती शिवणवर्गात गेली. बाई तिला बघून गोंधळल्याच.

"तुमच्या हाताला कायमचा कंप सुटलाय ना? भाऊ म्हणाले, तुम्ही काम सोडलंत. नवा करार त्यांच्याशी केलाय आम्ही."

अक्कानं टेबलावरची बारीकातली बारीक सुई उचलली आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. बाईंनी मान खाली घातली. "सही होऊन गेली हो," त्या पुटपुटल्या.

भावाच्या नव्या गाळ्याचा पत्ता बाईंनीच दिला. तो मोठ्या रस्त्यावरच होता. आत फळीवर अक्काचेच डबे, अक्कानंच काढून ठेवलेले सुटे भाग.

"माझा हात थरथरतो?"

धाकट्यानं वर पाहिलं नाही. "काहीतरी सांगावंच लागलं. नाहीतर लोक तुझ्यासाठी थांबले असते."

"धंदा हवा होता तर मागायचास रे. अर्धा दिला असता."

"अर्ध्यात भागलं नसतं."

अक्का तडक घरी आली. आई चादरीची घडी घालत होती. अक्का धाप टाकत सगळं सांगत सुटली, पण आईचे हात काही थांबले नाहीत. तेव्हा कुठे अक्का बोलायची थांबली.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"त्याला बायकोपोरं आहेत गं. तुझं काय, एकटीचं कसंही भागतं."

सहा आठवडे. रोज दोन वेळा जवळ बसून, सगळं माहीत असून. भावाचा घाव एकवेळ सोसला असता, हा तिला सोसवेना. त्याच दुपारी तिनं कपड्यांची पेटी उचलली आणि जिन्याखालच्या खोलीत राहायला गेली.

पुन्हा दारोदार फिरणं आलं. दोन वर्षांत निम्मी घरं परत आली. काही ठिकाणी बाया अजून तिच्या बोटांकडे चोरून बघतात. अक्का काम उरकते, मशीन चालवून दाखवते आणि निघते. शिवणवर्ग गेला तो गेलाच. भावाचं दुकान मात्र झकास चाललंय. ते बुडावं असं तिला वाटतं, आणि तसं वाटण्याची लाज वाटत नाही.