झापामार्गे भूतान

भूतानला जायचं हे आईनं ठरवलं ते नामांतर झालं त्या हिवाळ्यात. विद्यापीठाच्या गेटपाशी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आई मला घेऊन गेली होती. कमानीवरच्या नव्या नावाकडं ती बराच वेळ बघत उभी राहिली. येताना तिनं पेढे घेतले आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत घरोघरी वाटले. काहींनी तोंडात टाकला, काहींनी नुसता हातात धरून ठेवला. शेजारच्या काकूंनी एक खाल्ला आणि पोरांसाठी अजून दोन मागून घेतले.

नामांतराचं पहिलं आंदोलन पेटलं तेव्हा मी दोन वर्षांची होते. पाचोडच्या बाजाराला जाणाऱ्या एका लहानशा गावात आईचं माहेर होतं. तिथली आमची वस्ती जाळली गेली. आजी-आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या एका खोलीत आले आणि शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिले. वडील तेव्हा चिकलठाण्याच्या एका कंपनीत नुकतेच टर्नर म्हणून लागले होते. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं नसतं हे मला न सांगताच कळत होतं. आई त्या गावाला परत कधी गेली नाही. कुणी गाव विचारलं तर कधी 'पाचोड' म्हणायची, कधी 'लासूरकडचं'. आडनाव विचारलं की तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी पोरांची सहल घेऊन अजिंठ्याला जायची. त्या वर्षी लेण्यात तिला लाल वस्त्रांतले काही भिक्खू दिसले. बाकीचे लोक कॅमेरे घेऊन फिरत होते आणि हे मात्र बुद्धाच्या मूर्तीपुढं दगडी जमिनीवर आडवे होऊन नमस्कार करत होते. वाटाड्यानं सांगितलं, भूतानहून आलेत. घरी आल्यावर भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आपण इतकी वर्षं जातोय. मी तिथं पोरं मोजते, रांग लावते, 'भिंतीला हात लावू नका' म्हणते. एकदाबी पाया पडले नाय बघा."

कंपनीकडून वडिलांना काही वर्षांनी एकदा फिरायला जाण्याचं भाडं आणि रजा मिळायची. त्यांच्या बरोबरीचे लोक तिरुपतीला नाहीतर म्हैसूर-उटीला जात. वडिलांनी विचारलं, "मग, आपलं कुठं?"

"भूतान," आई म्हणाली.

"ते कुठं आलं?"

"बंगालच्या वर. तिथं राजा बौद्ध, पोलीस बौद्ध, दुकानदार बौद्ध. कुणी कुणाला विचारतच नसंल."

वडील हसले, पण दुसऱ्याच दिवशी रेल्वेचं वेळापत्रक घेऊन आले. मग आमच्याकडं रोज संध्याकाळी भूतान सुरू झालं. शाळेचा ॲटलास जमिनीवर उघडायचा आणि तिघांनी भोवती बसायचं. मनमाडहून कलकत्ता, तिथून सिलिगुडी, मग सीमेवरचं फुंटशोलिंग. तिथं भारतीयांना परवाना मिळतो, असं स्टेशन रोडवरच्या एका प्रवास कचेरीतल्या माणसानं सांगितलं. त्यानं आईला एक रंगीत पत्रकही दिलं. कड्याला चिकटलेला मठ, मुखवटे घालून नाचणारे लोक. तो नाच बघायचाच असं आईच्या मनात होतं, पण असले उत्सव वसंतात नाहीतर पावसाळा सरता सरता, आणि शाळेला सुट्टी दिवाळीत. नाच गेला. आई दोन दिवस खट्टू होती.

आमच्या भागात एक गुरखा होता. दिवसा कंपनीच्या फाटकावर आणि रात्री गल्लीतून काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरायचा. सगळे त्याला बहादूर म्हणत. ते काही त्याचं नाव नव्हतं, आणि आई त्याला भाऊ म्हणायची. एका रविवारी तो दारावरून जाताना आईनं त्याला बोलावलं.

"भाऊ, तुम तो उधर के पहाड के ना? भूतान कैसा है, मालूम क्या?"

त्यानं दारात चपला काढल्या. मग म्हणाला, "मालूम है, दीदी."

आत येऊन तो ॲटलासपाशी बसला. त्याला खरंच सगळं माहीत होतं. रस्ता कुठं वळतो, गाडी कुठं लागते, धुकं कुठं असतं. मठात शिरताना टोपी काढायची, प्रदक्षिणा उजवीकडून घालायची. घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत असतात आणि तिथं मिरचीची भाजीच करतात.

"म्हणजे मिरची घालून भाजी?" वडिलांनी विचारलं.

"नहीं साब. सब्जी ही मिरची की. ऊपर से चीज़."

वडील एकदम खूश झाले. "मग ते मराठवाड्यातच आहे की!"

तो पुढं दर रविवारी यायला लागला. त्याला बोलताना बघायला मला आवडायचं. फाटकावर तो नेहमी ताठ आणि गप्प असायचा. इथं मात्र हातानं डोंगर उभे करायचा, नदी वळवून दाखवायचा. आई पोळी-भाजी पुढं ठेवायची आणि तो बोलता बोलता खायचं विसरायचा.

एक गोष्ट आईच्याच लक्षात आली. त्याला काकूंनी गाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, दार्जिलिंग. वडिलांना झापा म्हणाला, म्हणजे नेपाळातला जिल्हा. मी विचारलं तर सिक्कीमकडं, म्हणाला. मला यात काही वावगं वाटलं नाही. आईला वाटलं. ती असलीच उत्तरं पंधरा-सोळा वर्षं देत आली होती.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा तिनं ॲटलास काढलाच नाही. चहा दिला आणि समोर बसली.

"भाऊ, सच्ची बताव. गाव कौनसा तुम्हारा?"

त्यानं कप खाली ठेवला.

"मेरा भी गाव मैं किसी को नहीं बताती," आई म्हणाली. "इसलिए पूछती."

तेव्हा त्यानं एका गावाचं नाव सांगितलं. ते दार्जिलिंगमध्ये नव्हतं आणि झापातही नव्हतं. ते भूतानातच होतं, दक्षिणेकडच्या टेकड्यांत. त्याचे पणजोबा कधीतरी नेपाळातून तिथं गेले होते, जंगल तोडून त्यांनी शेती केली होती. घरात नेपाळी बोलायचे, देव हिंदूंचे. मग दोन-तीन वर्षांपूर्वी सगळ्यांकडं जुने कागद मागितले गेले. त्याच्या वडिलांकडं होते, आईकडं नव्हते. एकाच घरातली दोघं, एक तिथला ठरला आणि दुसरी परकी. शाळेतून त्यांची भाषा गेली, वेश बदलायला सांगितला, गावात शिपाई आले. आम्ही आपखुशीनं जातोय अशा कागदावर अंगठे झाले आणि गावच्या गाव उठलं. आता आई-वडील आणि धाकटा भाऊ झापातल्या छावणीत होते, आणि तो आमच्या गल्लीत शिट्टी वाजवत होता.

तो गेल्यावर आईनं ॲटलास उचलून शाळेच्या पिशवीत ठेवला. पुढचे कितीतरी दिवस भूतानचा विषय निघाला नाही. वडिलांनी शेवटी विचारलं, "तिकिटं काढायची का नाय? रजेचा अर्ज द्यावा लागतो."

आई म्हणाली, "मला वाटलं व्हतं, तिथं तरी असं नसंल."

"अगं, राज्य म्हटलं की…"

"राज्याचं नाय म्हणत मी. आपल्या लोकांचं म्हणते."

मला आठवतं, वडील उठून बाहेर गेले आणि सायकलची साखळी पुसत बसले, जी आदल्याच दिवशी पुसली होती.

रविवारी कुणी बोलावलं नाही तरी तोच आला. दारातूनच म्हणाला, "दीदी, टिकट हुआ?"

"नहीं जाते अब."

"मैंने बताया इसलिए?" त्याचा चेहरा उतरला. "फिर तो नहीं बताना था. ऐसा मत करो, दीदी. आप लोग जाने वाले थे तो मुझे कितना अच्छा लगता था. मेरा मुल्क ख़राब नहीं है."

आई गडबडली. आपण जायचं रद्द केलं तर त्याला बरं वाटेल असंच ती धरून चालली होती. तिनं त्याला आत बसवलं. बोलता बोलता विचारलं, आई-वडिलांना शेवटचं कधी भेटलास? आल्यापासून नाही, म्हणाला. वडिलांचे गुडघे धरलेत, आईला जवळचं दिसत नाही.

वडील तोवर ॲटलास काढून बसले होते. ते या सगळ्यात फार पडणारे नव्हते. त्यांनी सिलिगुडीवर बोट ठेवलं, ते डावीकडं थोडंसं सरकवलं आणि म्हणाले, "हे झापा तर वाटंतच हाये की."

आईनं बघितलं. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "क्या भेजना है, बोलो."

आमची सहल अशी बदलली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो तेव्हा आमच्या सामानात त्यानं दिलेलं गुडघ्याचं तेल, चष्मा नि औषधं होती. आईनं त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी हिमरूची शाल घेतली होती, रव्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फिरायला निघालात का पाहुण्याकडं?" आई म्हणाली, "दोन्हीकडं."

सीमेपलीकडच्या बसस्टँडवर त्याचा धाकटा भाऊ आम्हाला न्यायला आला होता. चेहरा हुबेहूब तोच, फक्त हसरा. छावणी म्हणजे सपाट रानात बांबूच्या झोपड्यांच्या रांगा होत्या, मधून सरळ वाटा, एका टोकाला पाण्याचा नळ आणि त्यापुढं भांड्यांची ओळ. डोंगर तिथून लांब निळे दिसत होते. झोपडीत आम्ही सहाजण गुडघ्याला गुडघा लावून बसलो. म्हातारा पूर्वी माल घेऊन पायथ्याच्या बाजारात यायचा, त्यामुळं त्याला हिंदी येत होतं. म्हातारीला येत नव्हतं. तिनं चष्मा लावून आईला आधी नीट बघून घेतलं, शाल गालाला लावली, चहा ठेवला. आणि पेला आईच्या हातात देताना विचारलं,

"कुन जात?"

म्हातारा अर्थ सांगायला लागला, पण जात हा शब्द आईला सांगायची गरज नव्हती. मी आईकडं बघितलं. आता ती 'शिक्षिका आहे' म्हणेल, नाहीतर लाडवाचा डबा उघडेल असं मला वाटलं. तिनं पेला हातात नीट धरला आणि म्हणाली, "बौद्ध."

धाकट्या भावानं मान खाली घातली. बाहेरच्या नळावरची भांडी वाजलेली सगळी ऐकू आली.

मग म्हातारी बोलायला लागली. खूप वेळ बोलली, आणि म्हातारा मागून सांगत गेला. "ये बोलती है, हमारे बाजूवाले भी वही थे. निकलते वक़्त गाय उनके पास छोड़ी. वो औरत रोती थी. बोली, दाना-पानी मैं देखूँगी."

आईनं तिचा हात धरला आणि तीही बोलायला लागली. माहेरचं घर कसं जळलं ते मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं ते असं, परमुलखात, आणि आईच्या त्या मोडक्यातोडक्या औरंगाबादी हिंदीत. कडब्याची गंजी आधी पेटली होती. आजोबांनी बैल सोडून दिले होते. ती स्वतः तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि पोटातलं ते मूल, माझा भाऊ किंवा बहीण, त्या रात्रीच्या धावपळीत गेलं होतं. वडील मान खाली घालून ऐकत होते. त्यांना अर्थातच माहीत होतं. म्हातारा नेपाळीत सांगत गेला आणि म्हातारी मधूनमधून फक्त "हो, हो" म्हणत राहिली. निघताना तिनं आमच्या कपाळाला टिळा लावला नाही, आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं फक्त.

तिथून आम्ही भूतानला गेलो. ठरवलेल्यापेक्षा दोन मुक्काम कमी पडले आणि कड्यावरचा मठ खालूनच बघितला. चढावर मला सारखी गाडी लागत होती. मिरचीची भाजी खाऊन वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. एका जुन्या देवळात आईनं तुपाचा दिवा लावला आणि जमिनीवर पूर्ण आडवी होऊन नमस्कार केला. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर साधा आनंद होता. तो खोटा नव्हता, आणि छावणी ती विसरली होती असंही नव्हतं. दोन्ही एकदम कसं मावतं, हे मला त्या वयात उमगलं नाही.

परत आल्यावर ती तिच्या त्या भाऊला सगळं सांगत बसली. तो आणखी काही वर्षं आमच्या गल्लीत राहिला, मग आई-वडिलांकडं गेला. ते दोघं छावणीतच वारले. पुढं त्या लोकांना दूरदूरच्या देशांनी घेतलं तेव्हा तो बायकामुलांसह अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाच्या गावी गेला. तिथं एका मोठ्या दुकानात माल लावतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. वडील आता नाहीत. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळं फोनवर दोघंही ओरडून बोलतात. तो तिला तिकडं बोलावतो, खोली रिकामी आहे म्हणतो, आणि ती मला विचारते, "किती लांब असंल गं ते?"