फौजदार गोड बोलू लागली

लेक गोड बोलू लागली आणि आई धास्तावली.

घरात लेकीला सगळे फौजदार म्हणतात. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ती तपासणीसाठी लोकांचं रक्त काढते. रक्ताने भरलेली नळी जोरात हलवायची नाही, अलगद उलटसुलट करायची, हे हाताला इतकं मुरलंय की घरी सॉसची बाटलीही ती तशीच उलटसुलट करत बसते आणि ताटातलं निवून जातं. सुई पाहून पळणाऱ्या धिप्पाड गड्यांना ती दरडावून खुर्चीत बसवते. आईला तर रोज कामावरून फोन करून फैलावर घ्यायची.

सध्या तिथे एक संशोधन चाललंय. रक्तपेशींतल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक जागं राहील, कोणतं झोपेल, ते त्यांच्यावर ठरतं. अल्झायमर होण्याआधी या खुणा बदलतात का, हे शोधायचं आहे. आईची आई त्याच आजाराने गेली, शेवटी पोटच्या मुलीला "बाई, तुम्ही कोणाच्या?" विचारायची. म्हणून फौजदाराने आईचंही रक्त नेलं. तेव्हापासून हा गोडवा.

"माझ्या रक्तात काहीतरी दिसलंय तिला," आई म्हणाली.

"नळीवर नाव नसतं, नंबर असतो," बाबा म्हणाले. "आणि एकट्यादुकट्याचं भविष्य त्यातून अजून सांगता येत नाही. तिनेच सांगितलंय ना?"

"मग काल 'आई, दमलीस का गं' असं का विचारलं?"

"घ्या! पोरगी ओरडली तरी तुझे डोळे भरतात, लाडात आली तरी भरतात. अगं, तिने स्वतःचंही रक्त दिलंय. ती बसलीय का अशी..."

बाबांनी जीभ चावली.

"कधी दिलं?"

"तुझ्यानंतर लगेच. मैत्रिणीने काढलं. सुई दिसताच आपल्या फौजदाराने डोळे घट्ट मिटले म्हणे! तुला सांगू नका म्हणाली होती."

आईला आधी हसू फुटलं, मग ते मावळलं. त्या आजाराने गेलेली आपली आई लेकीची आजी होती. आजीने कडेवर घेऊन वाढवलेल्या या पोरीलाही शेवटी ओळखलं नव्हतं. आणि आपण मात्र इतके दिवस आपल्याच रक्ताची काळजी करत बसलो. सगळ्यांना दरडावणारीला 'तू घाबरलीस का?' असं विचारणार कोण?

"आत्ता ती कामात असेल," बाबा म्हणाले. "चिडेल."

"चिडू दे," म्हणत आईने फोन उचलला.