पत्र्याचा आवाज

हर्सूलच्या त्या घरी जाताना पप्पांनी मला एकच काम सांगितलं होतं. ऐकायचं.

माझे पप्पा डेंटर. ठोकलेल्या गाडीचा चेपलेला पत्रा हातोडीनं पुन्हा सरळ करणारे. तीसेक वर्षं त्यांनी गॅरेजमध्ये तेच केलं. त्या हातोडीवर माझी इंग्रजी शाळा झाली आणि त्या हातोडीनंच त्यांचे कान नेले. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर त्यांना कळतं, त्यातलंही निम्मं ओठांवरून. फोनची रिंग, कुकरची शिट्टी, पत्र्याचा नाद, हे सगळं पार गेलं. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं. हातोडी सुटल्यावर त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं. जुनी गाडी घेणारे लोक त्यांना गाडी बघायला न्यायचे. पप्पा बोटाच्या पेरानं पत्रा वाजवायचे आणि कुठं ठोकलीय, कुठं भरलीय ते सांगायचे. चुंबक लावून बघणाऱ्यांना ते हसायचे. "चुंबक तर कुणीबी लावंल. मग मिस्त्री कशाला पाह्यजे?"

कान गेल्यापासून ते पत्र्यावर तळहात फिरवून भागवत होते. पण वैजापूरच्या कांदा-व्यापाऱ्याचं बोलावणं आलं तेव्हा ते घाबरले. व्यापाऱ्यांना पोराच्या वरातीसाठी जुनी अँबॅसिडर घ्यायची होती, आणि त्यांच्याच शब्दावर पप्पांना तिकडची बहुतेक कामं मिळायची. इथं चुकून चालणार नव्हतं. म्हणून मला बरोबर घेतलं. वहीत गाडीच्या भागांची नावं लिहून घ्यायची युक्ती माझी. मी शेजारी उभी राहून खुणा करीन, ते नजर टाकतील, लोकांना वाटेल मुलगी नोंदी घेते.

निघताना त्यांच्यासमोर उभी राहून मी विचारलं, खुणा कशा करू? स्कूटर सुरू झाल्यावर त्यांनी मान वळवून ओरडून सांगितलं. हेल्मेट आणि वाऱ्यातून मला ऐकू आलं ते असं, "बॅड आवाज आला की फुली मार. चांगला आला की टिक."

बॅड आवाज म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारायची मला लहानपणापासून लाज वाटते.

व्यापारी आमच्या आधीच पोचले होते. गाडीचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, मुलांनी किल्ली काढून घेतलेली. त्यांनी दोन्ही हातांनी गाडीवरचं कापड ओढलं आणि काळी अँबॅसिडर बाहेर आली. बंपरमध्ये आमच्या चौघांचे चेहरे आडवे झालेले दिसले. सीटवर क्रोशाची कव्हरं होती, आत डांबरगोळ्यांचा वास.

"अब्बांनी नवी आणली होती," ते म्हणाले. "मिस्त्री, बेगमला एवढं सांभाळलं असतं ना, तर ती अजून दोन वर्षं जगली असती."

व्यापारी हसले. चाचा हसले नाहीत.

पप्पांनी एक डोळा मिटून गाडीची कड पाहिली. पातळ रुमालातून तळहात फिरवला. मग पेरानं वाजवायला लागले. पुढचा मडगार्ड. टण्ण. रिकाम्या डब्यासारखा, लांबत जाणारा आवाज. मला तो पोकळ वाटला. मराठीच्या बाईंनी निबंधावर लाल शाईनं 'पोकळ वाक्ये' असा शेरा मारलेला मला आठवत होता. मी फुली मारली. दार. टण्ण. फुली. मागचा मडगार्ड, टप, बॉनेट, फुली, फुली, फुली. डिकीच्या कडेला आणि दाराच्या खालच्या अंगाला मात्र आवाज घट्ट आला. तिथं मी टिक केली.

"काय मिस्त्री," व्यापारी म्हणाले, "गाडी बघताय का पोरगी? किती येळ?"

पप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी मडगार्डवर पुन्हा हात ठेवला, बराच वेळ. मग माझ्या वहीकडे पाहिलं. पुन्हा हात. पुन्हा वही.

शेवटी ते व्यापाऱ्यांना म्हणाले, "शेठ, घेऊ नका. पत्रा कमी अन् लांबी लई. पूर्ण भरलेली गाडी हाय. कधीतरी जबर ठोकलेली असणार."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायला पत्र्यावर लावतात तो लेप, त्यावर चुंबक धरत नाही, एवढं मला माहीत होतं. 'भरलेली' हा शब्द ऐकला आणि मी वहीतल्या फुल्यांकडे पाहिलं. भरलेली जागा घट्ट वाजणार. मोकळा पत्रा घुमणार. मी सगळं उलटं लिहिलं होतं.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पप्पा, माझी चूक झाली. मी वही छातीशी धरून उभी राहिले. तीन पुरुष, आणि मी बोलले असते तर तिघांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढंच कारण. दुसरं मला आजही सापडलेलं नाही.

"ठोकलेली?" चाचांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मी झूठा? या वयात?"

ते भिंत चाचपत आत गेले आणि फ्रिजवरचं चुंबक घेऊन आले. पिवळं, केळ्याच्या आकाराचं. दारावर ठेवून हात सोडला. केळं चिकटलं.

"ही पण लांबी?" मडगार्डवर ठेवलं. "ही पण?" टपावर. "बोला ना मिस्त्री, ही पण लांबी?"

ते केळं कुठंच पडलं नाही.

पप्पांनी केळ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून वही घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि चाचांना हात जोडले.

"माफ करा. चूक माझी. मला ऐकू येत नाय. दोन वर्सं झाली."



"दोन वर्सं?" व्यापारी ओरडले. आता सगळे ओरडूनच बोलणार होते. "मंग माझ्या पुतण्याची गाडी काय बघून पास केली, मिस्त्री? बहिऱ्यानं कीर्तन ऐकावं तसं?"

पप्पांना ते कळलं की नाही, माहीत नाही. व्यापाऱ्यांनी लगेच चाचांना किंमत विचारली. चाचा म्हणाले, "नाही विकायची आता. जा तुम्ही सगळे." गाडीवर कापड घालताना त्यांना टोक सापडत नव्हतं. मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

घरी आल्यावर मी सगळं कागदावर लिहून पप्पांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हात नाय म्हणत व्हता," ते म्हणाले. "पत्रा साफ लागत व्हता हाताला. पण म्हणलं, तू शिकलेली."

वैजापूरहून पुन्हा बोलावणं आलं नाही. नंतर शहरातूनही आलं नाही. मी मनात एक समजूत धरून होते की पप्पांनी नुसतं 'बॅड' म्हटलं, नीट सांगितलं नाही. त्यांच्या गॅरेजच्या इंग्रजीचा थोडा दोष, थोडा माझा.

उन्हाळ्यात आम्ही शहागंजला माठ घ्यायला गेलो. मी एक उचलून टिचकी मारली. विकणाऱ्या बाई लगेच म्हणाल्या, "त्यो नको घेऊ माय, बद्द वाजतोय. तडा असंल. घुमतोय त्यो घे."

"काय वाजतोय?"

"बद्द. दबका. ऐकू येत नाय का तुला?"

मी माठ हातात धरून तशीच उभी राहिले. पप्पांनी बॅड म्हटलंच नव्हतं. त्यांनी अगदी नेमकं सांगितलं होतं, आमच्याच भाषेत.

पप्पा शेजारीच होते. बाईंचे ओठ त्यांना दिसले नव्हते. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर होऊन मोठ्यानं म्हटलं. "काही नाही. दुसरा बघू म्हणाल्या."

त्यांनी ओळीतला दुसरा माठ उचलला, तळहात फिरवला आणि माझ्यासमोर धरला.

"घे," म्हणाले, "वाजवून बघ."