आर्लिस त्वेट आणि बासष्टीची पैज

अमेरिकेतल्या न्यू लार्विक गावात शहाणपण मिळतं ते सकाळी सहाला, मक्याच्या गोदामाशेजारच्या कॅफेत, आणि तेही फुकट. फुकट असल्यामुळंच ते तसलं असतं. खिडकीपाशी एक लांबडं टेबल आहे. त्याच्याभोवती सात-आठ पुरुष डोक्यावरच्या टोप्या न काढता बसतात, पाणचट कॉफी ढोसतात आणि जगाचा कारभार हाकतात. उठायच्या आधी चामड्याच्या डब्यातनं फासे खळखळवायचे; ज्याचं दान सगळ्यांत खाली, त्यानं सगळ्यांच्या कॉफीचे पैसे भरायचे. या टेबलावर बाई कधी बसली नाही. तसा नियम नव्हता. पण तिथलं बोलणं लांबून ऐकलेल्या एकाही बाईला जवळ जावंसं वाटलं नव्हतं.

टेबलाची पाटीलकी ओरिन स्काउगकडं. हयातभर बियाणं विकलं, आता अक्कल विकत होता. त्याचं एक प्रवचन ठरलेलं असे.

"बासष्ट भरली की त्याच दिवशी पेन्शन मागायची. कशाला थांबायचं? सरकार बुडाय लागलंय मर्दा. आन् उद्या तूच खपलास तर? तुझं पैसं कुणी खायचं?"

सगळे माना डोलवत. सरकार गेली चाळीस वर्षं याच टेबलावर बुडत होतं. दर महिन्याला याच लोकांच्या खात्यात पैसे टाकून पुन्हा बुडायला मोकळं होत होतं.

डेल्मार त्वेटला हे प्रवचन तोंडपाठ. त्याचा बाप चौसष्टाव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसल्या जागी गेला होता. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनीची, एक दमडीही त्याच्या हाताला लागली नव्हती. या दुःखाचं डेल्मारनं जन्मभर भांडवल केलं. बाप गेला याचं कमी, पैसे राहिले याचं जास्त.

आर्लिस त्याची बायको. त्याच्याहून चार वर्षांनी लहान, हाडापेरानं काटक, बोलणं मोजकं. डेल्मारचं वेल्डिंगचं आणि इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान डेल्मारचं म्हणायचं, कारण पाटीवर नाव त्याचं. फोन आर्लिस घ्यायची, बिलं आर्लिस लिहायची, बर्फाच्या वादळात शेजारच्या गावाहून सुटे भाग आर्लिस आणायची. पैसे बुडवायला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगणात गाडी आडवी लावून बसायची तीही आर्लिसच. डेल्मार मशीन उघडायचा आणि शिव्या द्यायचा.

या सगळ्याचा पगार तिला कधी मिळाला नाही. लग्नानंतर एकदा तिनं विचारलं होतं.

"तुला पगार दावला की त्येच्यावर टॅक्स भरा," डेल्मार म्हणाला. "पैसा शेवटी एकाच घरात येतोय न्हवं?"

गावातल्या यच्चयावत दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनी आपापल्या बायकांना हेच सांगितलं होतं. टेबलावर याला हुशारी म्हणत. पण पेन्शन उगवते ती पगारावर भरलेल्या टॅक्सातनंच, आणि सरकारच्या दप्तरी आर्लिस त्वेट पोरवयात एक उन्हाळा डबाबंद मक्याच्या कारखान्यात राबली, आणि पुढं जन्मभर खाटेवर पडून राहिली. तिच्या स्वतःच्या नावावर पेन्शन म्हणून काही उगवणार नव्हतं. डेल्मार जिवंत आहे तोवर त्याच्या पेन्शनीच्या मागं बायको म्हणून जो वाटा मिळेल तो, आणि तो मेल्यावर त्याची म्हणून जी रक्कम असेल ती. म्हणजे डेल्मार पेन्शन कधी मागतो, यावर तिचं अख्खं म्हातारपण टांगलेलं. पार सत्तरीपर्यंत थांबला तर रक्कम भरदार. बासष्टीला मागितली तर कायमची कापलेली. त्याचीही, आणि त्याच्यामागं तिचीही.

डेल्मारची बासष्ट भरली ऑक्टोबरात. त्याच महिन्यात एका शनिवारी तो एक घर ओढत अंगणात आला. तळं गोठलं की बर्फावर नेऊन उभं करायचं, चाकांवरचं घर. आत बाकडी, शेगडी, टीव्ही, आणि जमिनीला मासे धरायची गोल भोकं. आर्लिस पदपथावरची पानं लोटत होती.

"हे कुणाचं?"

"आपलं."

"कशातनं आणलं?"

"बँकेतनं काढलं. भरून निघंल की. पेन्शन चालू झालीया."

आर्लिसनं झाडू भिंतीला टेकवला. "कुणाची पेन्शन?"

"माझी. मागितली. ओरिन म्हणला, थांबतो तो येडा."

"मला इचारलं का न्हाई?"

"तुला काय इचारायचं? माझी हाय न्हवं?" एवढं बोलून तो घराची चाकं बघायला वाकला. वाकल्यावर बायकोचं तोंड दिसत नाही, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

दुकानाला त्यानं कुलूप लावलं. सकाळी कॅफेत, दुपारी बर्फावर. त्या हिवाळ्यात त्यानं धरलेले मासे एका कढईत मावले असते आणि वर बटाट्यांनाही जागा उरली असती.

मार्चात गावातलं कुणी म्हातारं गेलं. चर्चच्या तळघरात मयताचं जेवण होतं, हॅमचे पाव आणि थरथरती जेली. वाढणाऱ्या बायकांत आर्लिस होती. कॉफीची भांडी घासायला मेविस होती. मेविस म्हणजे क्लेटनची विधवा. क्लेटनही त्याच टेबलावरचा, बासष्टीलाच पेन्शन घेतलेला. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी मेविस हायवेवरच्या स्वस्त मालाच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहात होती.

ओरिननं वाढपाच्या खिडकीतनं ताट पुढं केलं. "डेल्मारनं बेस केलं गं आर्लिस. क्लेटनगत केलं. क्लेटननं सरकारला धा वरसं चुना लावला बघ."

तो तिसरा पाव घेऊन गेला. मेविसनं घासणी पाण्यात आपटली.

"चुना कुणाला लागला ते मला इचार म्हणावं. घरात दोन चेक यायचं, त्याचा आन् माझा. तो गेला तसा बारका बंद झाला. थोरला ऱ्हायला, पण थोरला म्हंजे काय, बासष्टीलाच पंख छाटल्याला. अजून खाते मी क्लेटनची ती हुशारी. रोज आठ तास हुभं ऱ्हाऊन खाते."

आर्लिस पाव नीट रचत राहिली.

"तुझ्या डेल्मारनं कवा घेतली?" मेविसनं विचारलं.

"ऑक्टोबरात."

"मग अजून येळ हाय. वरसाच्या आत परत करता येती. घेतलेलं सगळं भरायचं आन् न घेतल्यागत व्हायचं. मला हे कळलं तवा नववं वरीस लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी आर्लिसनं पेन्शनच्या कचेरीला फोन लावला. अख्खी सकाळ तिकडचं टुकार संगीत ऐकल्यावर एका बाईनं सांगितलं, हो, बारा महिन्यांच्या आत अर्ज मागं घेता येतो. मिळालेलं सगळं परत भरायचं. एकदाच करता येतं. आणि सही ज्याची पेन्शन त्याचीच.

सही डेल्मारची! इथंच गाडं अडलं. आर्लिसनं त्याला जेवताना सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, बटाट्यावर मीठ टाकलं, आणि म्हणाला, "बघू."

आमच्याकडं 'नाही' म्हणणं वाईट दिसतं, म्हणून माणसं 'बघू' म्हणतात आणि मरेपर्यंत बघत राहतात. एप्रिलात बर्फ वितळलं, बर्फावरचं घर अंगणात येऊन बसलं. "बघू." जूनमध्ये त्यात उंदीर शिरले. "बघू की." ऑगस्टात आर्लिस म्हणाली, "हे इकलं की सगळं भरून निघतंय." डेल्मार म्हणाला, "ओरिनला इचारतो."

त्या दिवशी तिच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या प्रश्नावर तिचं म्हातारपण टांगलंय, तो प्रश्न हा गडी मक्याचं बियाणं विकणाऱ्याला विचारणार होता.

सप्टेंबर संपत आला तशी एका सकाळी ती कॅफेत गेली. सरळ खिडकीपाशी गेली आणि क्लेटनच्या रिकाम्या खुर्चीत बसली. टेबलावरचं बोलणं दोरी कापल्यासारखं तुटलं.

"वाट चुकलीस का काय आर्लिस?" ओरिन म्हणाला. "शिवणाचं मंडळ चर्चात भरतंय."

"फासं दे हिकडं."

"आं?"

"ऐकू येत न्हाई का वय झालं? फासं दे."

कुणीतरी डबा सरकवला. तिनं तो हातात धरला, पण टाकला नाही.

"डेल्मारनं हितं बसून एक पैज लावलीया," ती म्हणाली. "आपुन लौकर मरतोय म्हणून. लौकर मेला तर जिंकला म्हणायचा. जिंकून पडंल दफनभूमीत, आन् मी त्येच्या छाटलेल्या पेन्शनीवर नव्वदीपतूर. उशिरा मेला तर हरला. मग दोघंबी छाटलेल्यावर. कुठलंबी दान पडू दे, पैसं मीच भरायचं. तुमच्यात निदान फासं टाकतो त्योच भरतो. माझ्या घरात टाकतो ह्यो आन् भरते मी. वर डबा हातातबी दिला न्हाई."

डेल्मार कपात बघत होता. कपात बूड सोडून काही नव्हतं.

"आगं, पन सरकार बुडाय लागलंय," ओरिन म्हणाला. आवाज रोजचाच, पण जरा बारीक.

"व्हय का? मग तू कवा घेतलीस रं तुझी?"

ओरिननं टोपी सारखी केली.

"इडा सांगत होती," आर्लिस म्हणाली. इडा म्हणजे ओरिनची बायको, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. "सत्तर भरल्यावर घेतलीस म्हणं. तिनं त्येच्या आधी घिऊच दिली न्हाई म्हणं."

टेबलावरच्या सगळ्या टोप्या ओरिनकडं वळल्या. इतकी वर्षं यानं साऱ्या गावाला बासष्टीला कड्यावरनं उड्या मारायला लावल्या आणि स्वतः बायकोचा पदर धरून पायऱ्यांनी उतरला.

"ते... आमचं येगळं हाय," ओरिन म्हणाला.

"असणारच. तुझ्या घरात एकाला तरी गणित येतंय."

मग तिनं फासे टाकले. पडले ते इतके खालचे, की त्याच्या खालचं दान त्या टेबलावर कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली, पाकिटातनं नोटा काढून सगळ्यांच्या कॉफीचे पैसे बशीखाली ठेवले. "हरल्यावर असं भरायचं असतं," ती म्हणाली, आणि गेली. मागनं कुणी हसलं नाही.

डेल्मारनं सही केली. बायकोसाठी केली असं म्हणायला जीभ रेटत नाही. तो ओरिनवर चिडला होता. आपण बनलो याची लाज त्याला आर्लिसच्या म्हातारपणापेक्षा जड गेली. तरी सही ती सहीच.

बर्फावरचं घर विकायला काढलं, तर घ्यायला आला ओरिनच. उंदरांची लेंडकं दाखवून भाव पाडला, आणि घेऊन गेला. त्या पैशात बँकेतली उरलीसुरली शिल्लक घातली, घेतलेली पेन्शन परत भरली, आणि वर्ष भरायच्या आत अर्ज मागं गेला. दुकानाचं कुलूप निघालं. आता डेल्मार पुन्हा मशीन उघडतो आणि शिव्या देतो. टेबलावर त्याला बायकोचा बैल म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी मात्र घरी जाऊन आपापल्या बायकांना, आडून आडून, आर्लिसनं फोन कुठं लावला होता ते विचारलं.

हिवाळ्यात एका दुपारी डेल्मार बशीतल्या बटाट्यांवर मीठ टाकता टाकता थांबला.

"समज, सत्तरीपतूर जगलोच न्हाई तर?"

आर्लिसनं त्याच्याकडं बघितलं. "मग तुझी न कापलेली रक्कम मला मिळंल. जगलास तर दोघांचं भलं, मेलास तर माझं." तिनं मिठाची बाटली त्याच्या हातातनं काढून घेतली. "आता खा. आन् मीठ कमी कर. जगल्यालं बरं पडतंय."