अकरा नंबर पुसू नये

जे मी पाहिलेलं नाही ते आधी सांगते. विश्वकर्मा पूजेच्या, म्हणजे बंगालातल्या अवजारपूजेच्या दिवशी मी विभागात नव्हते; न्यू टाउनला एका तोंडी परीक्षेसाठी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये नेमकं काय घडलं ते मला इतरांनी सांगितलं, आणि सांगणाऱ्यांचं एकमेकांशी जुळत नाही. बाकीचं सगळं मी स्वतः पाहिलं आहे.

लॅबचा प्रभार असलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटातल्या जुन्या वायरींसारखे ते साचत जातात. एक ओढली की सहा बाहेर येतात. इथे मी एकाच आठवड्याच्या वायरी सोडवते आहे. त्या आठवड्यात आमच्या भाषाशास्त्र विभागातल्या वीस सामाईक संगणकांवरचं सगळं पुसून आम्ही नव्याने विंडोज टाकली.

* * *

पुसायची वेळ का आली, ते तपनदांच्या चहावरून कळेल. तपनदा लॅबचे तंत्रज्ञ. वय माझ्यापेक्षा जास्त, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. सकाळी ते वीसही मशीनं सुरू करत आणि खाली चहाला जात. एकदा मी त्यांना चहाच्या टपरीवर गाठलं.

"तपनदा, वर मुलं खोळंबली आहेत."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता कुठे पासवर्ड मागायच्या बेतात असतील, मॅडम. तुम्हीही घ्या एक."

मी घेतला. वर गेलो तेव्हा वीसपैकी तीन मशीनं पासवर्ड मागत होती.

* * *

पुसण्याआधी मी सूचना लावली: ज्याला जे ठेवायचं असेल त्याने मशीनचा नंबर आणि फोल्डरचं नाव लिहून द्यावं. चिठ्ठ्या पुष्कळ आल्या. आमच्या विभागात कुणीही फोल्डरला नाव देत नाही, हे त्यातून सिद्ध झालं. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं: "न्यू फोल्डर सहा ठेवावा. त्यात काय आहे ते उघडल्यावर आठवेल."

विभागप्रमुखांची चिठ्ठी अधिक काटेकोर होती. "माझी 'फायनल' नावाची फाइल ठेवा. 'फायनल फायनल' असली तरी चालेल. 'फायनल लास्ट' मात्र नको, ती चुकीची आहे."

चिठ्ठ्यांतल्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवताना या तिन्ही उघडून पाहिल्या. तिन्ही सारख्याच होत्या.

* * *

एक चिठ्ठी मात्र हसण्यासारखी नव्हती. श्राबंती माझ्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करते. सुंदरबनातल्या म्हाताऱ्या कोळिणींची बोली हा तिचा विषय. तीन वर्षं ती गावोगाव जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत होती. त्यांतल्या काही जणी आता हयात नाहीत. हे सगळं तिने दोन ठिकाणी ठेवलं होतं: एका हार्ड डिस्कवर आणि लॅबमधल्या अकरा नंबरच्या मशीनवर. त्या आठवड्यात सियालदह स्टेशनच्या गर्दीत तिची पिशवी पडली आणि हार्ड डिस्क कायमची गप्प झाली. उरलं अकरा नंबर.

"नवी डिस्क दोन दिवसांत येते आहे, मेधादि," ती म्हणाली. "तोवर अकराला हात नको."

मी त्याच क्षणी दुसरी डिस्क शोधून नक्कल करून घ्यायला हवी होती. ते केलं नाही. स्वच्छ अक्षरात, बंगाली आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, 'अकरा नंबर पुसू नये' असं लिहिलं आणि अकरा नंबरला चिकटवलं. लिखित सूचनेवर माझा फार विश्वास.

* * *

विश्वकर्मा पूजेला लॅबमध्ये तास नसतात, म्हणून मी कामाला तोच दिवस नेमला होता. आदल्या दिवशी तपनदांनी नकार दिला.

"उद्या अवजाराला हात लावायचा नसतो, मॅडम. उद्या त्यांची सुट्टी."

"विंडोज टाकायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, तपनदा."

"मग मला कशाला बोलावता?"

घरी आईला हे सांगितलं तेव्हा सहानुभूतीची अपेक्षा होती. बाबा गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत इंजिनियर होते. आईचं अर्धं आयुष्य या शहरात गेलं आहे. ती म्हणाली, "खंडेनवमीला बाबा स्लाइड रूलची पट्टी पुजायचे. त्या दिवशी तिला हात लावलेला पाहिलायस का कधी? तपनचं बरोबर आहे."

काम एक दिवस पुढे ढकललं आणि पूजेच्या सकाळी मी न्यू टाउनला निघून गेले. मागे लॅबमध्ये मशीनं टेबलांवरून उतरवून फडक्याने पुसली, प्रत्येकाला शेंदराचा ठिपका लावला, मिठाई वाटली आणि मशीनं परत जागेवर ठेवली. निदान तसं मला सांगण्यात आलं.

* * *

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. तपनदा पेनड्राइव्ह लावत, मी यादीवर खुणा करत होते. अडचण फक्त प्रश्नांची आली. नवं खातं उघडताना संगणक तीन गुप्त प्रश्न निवडायला सांगतो, आणि ते सगळे माणसाला विचारायचे प्रश्न. तपनदांनी पडद्यावरून गंभीरपणे वाचून दाखवलं.

"तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?"

"विभागाने प्राणी पाळलेला नाही, तपनदा."

"लहानपणीचं टोपणनाव?"

"ते तरी कुठून असणार?"

इथे मात्र ते थांबले. बंगालात जन्माला आलेल्या प्रत्येकाला घरचं एक लाडकं नाव असतंच. त्यांच्या दृष्टीने विभागही जन्मला बंगालातच. "खोका म्हणता येणार नाही," ते विचार करून म्हणाले; खोका म्हणजे बाळ. "वय झालंय." बऱ्याच चर्चेनंतर 'दादू' ठरलं. आमच्या विभागाचं टोपणनाव आता अधिकृतपणे आजोबा आहे.

चार नंबरच्या टेबलावरचं मशीन मात्र अडलं. एरवी ते नीट सुरू होई, पण पेनड्राइव्हवरून सुरू करायला गेलं की विंडोजच्याही आधी एक वेगळाच पासवर्ड मागे. तो कुणी घालून ठेवला होता ते तपनदांना माहीत नव्हतं. त्यांनी माहीत असलेले सगळे पासवर्ड टाकून पाहिले, मग त्या अज्ञात माणसाला बंगालीत दोन शब्द वाहिले आणि मशीन तिथेच तसं सोडून दिलं. दुपारी चारला हिशेब असा होता: अठरा पुसून तयार, चार नंबर अडलेलं, अकरा नंबर सूचनेप्रमाणे अस्पर्श.

* * *

साडेचारला श्राबंती नवी डिस्क घेऊन आली. अकरा नंबर सुरू केलं. मी पाठमोरी होते. बराच वेळ माऊसचा आवाज आला नाही, म्हणून वळले. पडद्यावर न्यू फोल्डर एकपासून नऊपर्यंत ओळीने उभे होते. तिचा फोल्डर नव्हता.

"मेधादि," ती अगदी हळू म्हणाली, "हे माझं मशीन नाही."

नंबर टेबलांवर रंगवलेले आहेत. माझी सूचना टेबलावर चिकटवलेली होती. मशीन म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो काळा डबा, आणि त्यावर समोरून कसलाच नंबर नाही.

"तपनदा," मी विचारलं, "काल मशीनं परत ठेवताना क्रम कुणी पाहिला?"

ते कपाळ पुसत म्हणाले, "सगळी काळीच आहेत, मॅडम. जो तो जे हातात आलं ते घेऊन येत होता."

वीसपैकी अठरा पुसलेली. श्राबंती खुर्चीत बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तपनदांनी मशीनं हलू दिली हे खरं, पण टेबलाला मशीन समजण्याची चूक माझी होती, आणि ती मी दोन भाषांत लिहून ठेवली होती.

विभागाच्या वस्तूंच्या नोंदवहीत प्रत्येक टेबलासमोर त्यावरच्या डब्याचा अनुक्रमांक असतो. ही वही मी दरवर्षी तपासते आणि विभाग दरवर्षी मला त्यावरून हसतो. अकरासमोरचा अनुक्रमांक मी मोठ्याने वाचला. तपनदा मोबाइलच्या उजेडात एकेका डब्याच्या पाठीमागचे आकडे वाचू लागले. पहिला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही.

चौथ्याशी ते थांबले. आकडे त्यांनी दोनदा वाचले.

पासवर्डसाठी अडून बसलेलं, म्हणून न पुसलेलं मशीन तेच होतं.

फोल्डर जसाच्या तसा होता. श्राबंतीने एक फाइल उघडली. कुणी म्हातारी बाई जाळं कसं विणतात ते सांगत होती, मधेच कोंबडीला हाकलत होती. तपनदा खाली बसले, जमिनीवरच. श्राबंतीने सगळं डिस्कवर उतरवलं, मग माझ्याकडून आणखी एक डिस्क मागून पुन्हा उतरवलं. मग म्हणाली, "आता जरा चहा मिळेल?" तपनदा उठले आणि स्वतः घेऊन आले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब मीच उघडली. राहिलेली दोन मशीनं पुसायची होती; आधी चार नंबरच्या टेबलावरचं घेतलं. पासवर्ड घालवायला आतली छोटी बॅटरी काढावी लागते, म्हणून तपनदांनी ते उघडायची तयारी केली. स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढला. त्याआधी सवयीने एकदा पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं.

त्याने पासवर्ड मागितला नाही. सरळ सुरू झालं.

डब्याचे स्क्रू जागच्या जागी होते, शेंदराचा ठिपका एका स्क्रूवरून ओघळलेला, न विस्कटलेला. डबा न उघडता पासवर्ड काढायचा तर आधी तो माहीत असावा लागतो. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र बाहेर पडलो होतो आणि कुलूप मी लावलं होतं.

"तुम्ही काढलात, मॅडम?" तपनदांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही."

त्या कुलपाच्या दोन चाव्या आहेत. एक तपनदांकडे असते, एक माझ्याकडे.